घरीं राहून व्यसनमुक्ति

कोल्हापूर हें तालमींचें शहर. राजर्षि शाहू महाराजांनीं उभारलेलें खासबागेचें मैदान १९१२ सालापासून कुस्त्या पाहत आलें आहे, आणि पेठापेठांतून अजूनहि पहांटे लाल मातींत जोर-बैठका चालतात. शरीर कमावणें हा या गांवाचा पिढीजात नाद. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि वर्षानुवर्षांची मेहनत यांवर पैलवान तयार होतो, हें येथल्या पोरालाहि ठाऊक असतें. अशा या भागांत, क्षणभर अंगांत बळ आणणारे, झोप उडविणारे आणि भूक मारणारे पदार्थ तरुणांच्या हातीं पडूं लागावेत, हा दैवाचा मोठाच उपहास म्हटला पाहिजे.

व्यसनाचे पदार्थ ढोबळ मानानें दोन जातींचे असतात. दारू, अफू किंवा झोपेच्या गोळ्या माणसाला गुंगी आणतात. दुसऱ्या जातीचे पदार्थ त्याला चेतवितात. कोकेन आणि अ‍ॅम्फेटामिन हे त्यांतले जगभर परिचित असलेले. अ‍ॅम्फेटामिन प्रथम १८८७ सालीं जर्मनींत तयार झालें. दुसऱ्या महायुद्धांत अशीं उत्तेजकें सैनिकांना जागें ठेवण्यासाठीं दिलीं गेलीं. युद्धानंतर जपानांत त्यांचें व्यसन इतकें पसरलें, कीं १९५१ सालीं त्या देशाला त्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. हिंदुस्थानांत दारूच्या मानानें हीं व्यसनें थोडीं आहेत. केंद्र सरकारनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत दारू पिणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १४.६ आढळलें, तर अ‍ॅम्फेटामिन-जातीचीं उत्तेजकें घेणाऱ्यांचें शेंकडा ०.१८. परंतु हा आंकडा ज्या घराच्या वांट्याला येतो, त्या घराला तो लहान वाटत नाहीं.

या जातीचे दोन पदार्थ आपल्याकडे विशेष ध्यानांत घेण्याजोगे आहेत. पहिला मेफेड्रोन. बाजारांत त्याला ‘एमडी’ म्हणतात. हा पदार्थ १९२९ सालींच प्रयोगशाळेंत तयार झाला होता. आपल्या अंमली पदार्थांच्या कायद्याखालीं तो २०१५ सालीं आला. नोव्हेंबर २०२१ मध्यें मुंबई पोलिसांनीं चंदगड तालुक्यांतील ढोलगरवाडी येथें हा पदार्थ तयार करणारा कारखाना उघडकीस आणला. मार्च २०२४ मध्यें शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, कवठेमहांकाळ तालुक्यांतील इरळी येथें शंभर किलोंहून अधिक मेफेड्रोन पकडण्यांत आलें. तेव्हां हें संकट दूर मुंबईचें आहे, असें मानण्याची सोय आतां उरलेली नाहीं. दुसरा पदार्थ मेफेंटरमिन. हें खरें पाहतां एक उपयुक्त औषध आहे. पाठींत भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब उतरला, तर तो सांवरण्यासाठीं भूलतज्ज्ञ डॉक्टर तें टोंचतात. पण व्यायामाचा जोर वाढतो या समजुतीनें तेंच इंजेक्शन जिममध्यें जाणारे कांहीं तरुण चोरून घेतात. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांत तें निषिद्ध आहे, आणि वारंवार घेतल्यास हृदयाचे ठोके, रक्तदाब व मन या तिन्हींचा तोल तें बिघडवितें.

घरांत असा प्रकार उघडकीस आला, कीं बहुधा दोन गोष्टींपैकीं एक घडते. ‘आमच्या घराण्यांत असें कधीं झालें नाहीं’ म्हणून गोष्ट झांकली जाते. मुलाला शपथा घातल्या जातात, देवाला नवस होतात, आणि सहा महिन्यांनीं घरांतला एखादा दागिना नाहींसा होतो. नाहीं तर घर एकदम दुसऱ्या टोंकाला जातें. कोठल्याशा दूरच्या केंद्राची माणसें बोलावून मुलाला बळानें गाडींत घातलें जातें आणि कांहीं महिने त्याची गांठहि पडत नाहीं. या दोन टोंकांच्या मध्यें एक तिसरा मार्ग आहे. रोग्यानें घरीं राहावें, ठरल्या दिवशीं रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांत, म्हणजेच ओपीडींत जावें आणि उपचार घेऊन परत यावें. उत्तेजकांच्या व्यसनांत पुष्कळ रोग्यांना हा मार्ग पुरतो. कित्येकांना तोच अधिक मानवतो.

याचें कारण या पदार्थांच्या स्वभावांत आहे. जुन्या दारुड्यानें दारू एकाएकीं सोडली, तर त्याला फेंफरें येण्याचा व भ्रम होण्याचा धोका असतो. प्रसंगीं जीवहि जातो. म्हणून त्याला आंत ठेवणें अनेकदां अवश्य ठरतें. उत्तेजकांचें तसें नाहीं. तीं थांबविलीं कीं शरीर दमून पडतें. रोगी दिवस-दोन दिवस झोंपतो, मग खा-खा सुटते, मन उदास होतें, चिडचिड वाढते. पहिल्या आठवड्या-पंधरवड्यांत यांतलें बरेंचसें ओसरतें. हा काळ कष्टाचा असला, तरी एरवीं निरोगी असलेल्या माणसाला तो सहसा प्राणघातक नसतो. खरी लढाई त्यानंतर सुरू होते. मेंदूंत आनंदाचा व ओढीचा संदेश नेणारें डोपामिन नांवाचें एक द्रव्य आहे. उत्तेजकानें त्याचा एकाएकीं पूर आणलेला असतो. पूर ओसरल्यावर साध्या सुखांची गोडी कित्येक आठवडे, कधीं कित्येक महिने परत येत नाहीं. जेवण बेचव लागतें, मित्र नकोसे होतात, आणि ज्या कोपऱ्यावर पुडी मिळत असे तो कोपरा मात्र बोलावीत राहतो.

तो कोपरा त्याच्या रोजच्या वाटेवरच आहे, ही यांतली मुख्य गोष्ट. दूरच्या केंद्राच्या भिंतींआड महिनाभर पदार्थ मिळाला नाहीं, म्हणजे मोह जिंकला असें होत नाहीं; मोहाची गांठ पडली नाहीं, इतकेंच होतें. मुलगा परत येतो तो त्याच गल्लींत, त्याच मोबाइलवरच्या त्याच नांवांकडे. म्हणून चांगल्या निवासी संस्थाहि उपचार आंतच संपला असें मानीत नाहींत. पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं सुरू केलेल्या मुक्तांगण संस्थेनें तर घरीं परतल्यानंतरच्या पाठपुराव्याला आपल्या कामांत आरंभापासून महत्त्व दिलें आहे. घरीं राहून घेतलेल्या उपचारांत हा पुढचा धडा पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो. सोमवारीं मोह झाला, तर बुधवारीं त्याविषयीं बोलतां येतें.

या उपचारांत होतें तरी काय? पहिल्या भेटींत डॉक्टर पदार्थ कोणता, किती दिवस, कोणत्या मार्गानें, सोबत दारू किंवा गोळ्या आहेत काय, हें विचारतात. नाडी, रक्तदाब व हृदयाची तपासणी होते. सुई वापरली असल्यास कावीळ व एच.आय.व्ही. यांसाठीं रक्त तपासणें आवश्यक असतें. मनांत आत्मघाताचे विचार आहेत काय, हेंहि स्पष्ट विचारलें जातें. मग आठवड्यांतून एकदां, दोनदां, गरज पडल्यास अधिक वेळां समुपदेशकाकडे बसणें ठरतें. कोणत्या वेळीं, कोणत्या माणसाबरोबर, कोणत्या भावनेनंतर हात पुडीकडे जातो, याचा शोध रोगी स्वतः घेतो, आणि त्या वेळेसाठीं दुसरें काम आधींच नेमून ठेवतो. पगार हातीं आल्याची संध्याकाळ धोक्याची असेल, तर ती कोणाच्या सोबतींत घालवावयाची, इतका बारीक विचार तेथें करावा लागतो.

एक जादूची गोळी मिळावी, ही घरच्यांची इच्छा स्वाभाविक आहे. पण उत्तेजकांच्या व्यसनावर सर्वमान्य झालेलें औषध अद्याप नाहीं. २०२१ सालीं अमेरिकेंत मेथअ‍ॅम्फेटामिनच्या रोग्यांवर दोन औषधें मिळून देऊन पाहिलीं. त्यांचा गुण शेंकडा १३.६ जणांना आला. नुसतें पाणी टोंचलेल्या व पोकळ गोळ्या दिलेल्यांत तें प्रमाण २.५ होतें. फायदा आहे, पण थोड्यांना. उदासीनता किंवा निद्रानाश यांवर डॉक्टर औषधें देतात तीं त्या त्या लक्षणांसाठीं.

याच्या मानानें एक साधी युक्ति अधिक फळाला आलेली आहे. अमेरिकेंतील व्हर्मांट विद्यापीठाचे स्टीफन हिगिन्स यांनीं कोकेनच्या बाह्यरुग्णांची लघवी ठरल्या दिवशीं तपासण्यास सुरुवात केली. तपासणी स्वच्छ आली, कीं रोग्याच्या नांवावर अडीच डॉलर किमतीचा गुण जमा होई. पुढच्या प्रत्येक स्वच्छ तपासणीला किंमत थोडी वाढे. एकदां चुकला, कीं गणती पुन्हां पहिल्या पायरीवर येई. रोख पैसा हातीं देत नसत. त्या गुणांतून उपयोगाच्या वस्तु किंवा चांगल्या छंदाचें साहित्य मिळे. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ४० रोग्यांच्या अभ्यासांत, असें बक्षीस मिळणाऱ्यांपैकीं शेंकडा ७५ जणांनीं २४ आठवड्यांचा उपचार पुरा केला. बक्षीस नसलेल्यांत हें प्रमाण ४० होतें. २०१८ सालीं ५० अभ्यासांचा एकत्र विचार झाला, तेव्हांहि अशा बक्षिसाला कामधंदा, घर व मैत्री यांची घडी बसविणाऱ्या उपचाराची जोड देणें, हीच पद्धति सर्वांत गुणकारी ठरली.

व्यसन सोडण्याबद्दल बक्षीस कसलें, असा प्रश्न कोणी विचारील. पण कोल्हापूरकरांना तरी ही कल्पना परकी वाटूं नये. तालमींतला पोरगा पहिल्याच दिवशीं हिंदकेसरी होत नाहीं. तो पहांटे मातींत उतरतो, वस्ताद त्याची मेहनत डोळ्यांनीं मोजतात, आणि तो घरीं जातो. दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतो. जत्रेच्या मैदानांत लहान कुस्ती मारली, तर लहानसें इनाम मिळतें. हरला, म्हणून वस्ताद त्याला तालमींतून हांकलून देत नाहींत. पेंच कोठें चुकला तें दाखवितात. बाह्यरुग्ण उपचाराची शिस्त थेट याच जातीची आहे. घरच्यांनाहि या युक्तीचा थोडा अवलंब करतां येईल. स्वच्छ गेलेल्या आठवड्याची कोणीतरी दखल घ्यावी, आवडीचा पदार्थ करावा, मोडलेली सायकल दुरुस्त करून द्यावी. मात्र घरानें पोलीस होऊन बाटल्या तपासूं नयेत. तें काम रुग्णालयाचें. साध्या पट्टीच्या तपासणींत प्रत्येक पदार्थ सांपडतोच असेंहि नाहीं.

हा मार्ग सर्वांना लागू नाहीं, हेंहि तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. ‘माझ्या मागें लोक लागले आहेत’ असे भास होऊं लागले, आत्मघाताची भाषा तोंडीं आली, छातींत कळ आली किंवा ठोके अनावर झाले, दारू, अफू वा झोपेच्या गोळ्या यांचेंहि व्यसन सोबत असलें, स्त्री गरोदर असली, अथवा घरांतच पदार्थाचा व्यवहार वा मारहाण चालत असली, तर रुग्णालयांत दाखल होणेंच शहाणपणाचें. घरीं राहून दोन-तीनदां प्रयत्न फसला, तरी तोच विचार करावा. येऊन-जाऊन उपचारांत मध्येंच येणें बंद करणारे पुष्कळ असतात. हा या पद्धतीचा मोठा दोष आहे. म्हणून पहिले कांहीं आठवडे घरांतील एकानें सोबत जाणें फार मोलाचें ठरतें.

लोकलाज आणि कायदा यांची भीति अनेकांना दारांतच अडविते. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यांतील कलम ६४-अ असें आहे, कीं केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीं उपचार घेईल व तो पुरा करील, तर त्याबद्दल त्याच्यावर खटला चालणार नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें व्यसनाशीं निगडित मनोविकारांना इतर मनोविकारांच्या पंक्तीला बसविलें, रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला, आणि त्याला सांखळदंडानें बांधण्यास पूर्ण मनाई केली. ज्या केंद्रांत कोंडणें व मारणें हाच उपचार, तेथें मुलाला धाडणाऱ्या घरानें हें ध्यानांत ठेवावें.

कोल्हापुरांत छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या ओळखीचें सी.पी.आर., राजर्षि शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलें आहे. तेथें केसपेपर काढून मनोविकार विभागांत जाणें, ही पहिली पायरी. ज्यांना प्रथम नुसतें बोलावयाचें आहे, त्यांच्यासाठीं व्यसनमुक्तीचा १४४४६ व ‘टेलिमानस’चा १४४१६ हे शासनाचे दूरध्वनि आहेत.

शेवटीं घराचें काम उरतें. मोठी रक्कम मुलाच्या हातीं राहूं देऊं नये. त्याच्या झोपेची व जेवणाची वेळ सांभाळावी. जुन्या संगतीचे क्रमांक त्याच्याच हातानें पुसवावेत. पहिल्या दिवसांतल्या दीर्घ झोपेला आळस म्हणूं नये, आणि त्या दिवसांत त्याला एकटा ठेवूं नये. आणि मध्येंच एकदां पाय घसरला, तर ‘सगळें फुकट गेलें’ हें वाक्य घरांत कोणीहि उच्चारूं नये. घसरल्याची गोष्ट दडविली गेली, तर पुढची भेट चुकते, आणि भेट चुकली कीं उपचाराचा धागा तुटतो. ज्या घरांत मुलाला ‘आज पुन्हां घेतली’ असें सांगतां येतें, त्या घरांतून तो दुसऱ्या दिवशीं रुग्णालयाची वाट धरतो. तेवढी वाट मोकळी ठेवणें आईबापांच्या हातीं आहे.