हॉलमधले आणि दूरचे : निधी-संकलनाचा आमचा अनुभव

(शहरातील मराठी मंडळांच्या कार्यकर्ता मेळाव्यात केलेले भाषण)



निधी-संकलनाचा कार्यक्रम कसा करावा, यावर मला बोलायला सांगितले आहे. मी या विषयातली तज्ज्ञ नाही. बँकेत नोकरी केली, निवृत्त झाल्यावर मंडळाचा हिशेब अंगावर आला, तो अजून उतरलेला नाही. म्हणून उपदेश न करता आमचा एक फसलेला कार्यक्रम आणि एक बऱ्यापैकी जमलेला कार्यक्रम, दोन्ही सांगते.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यात शिरले, ते आपल्यापैकी कुणीच विसरलेले नाही. आमचे वाचनालय तळमजल्यावर. कपाटांच्या खालच्या दोन खणांतली पुस्तके भिजली. पाणी ओसरल्यावर आम्ही पंख्याखाली बसून एकेक पान सुटे करत होतो. काही पुस्तके हाती लागली, काहींचा लगदा झाला. थोड्याच दिवसांत गणपती बसले. आरती झाली की पुन्हा पुस्तके वाळवायला, असा तो उत्सव गेला.

वाचनालय पुन्हा उभे करायला पैसे हवे होते. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे ज्याला फाळो म्हणतात ती वर्गणी दारोदार फिरून गोळा करायची, तर दारे उघडणारी माणसे आता थोडी. घरोघरी दोन म्हातारी माणसे आणि मुले पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला. पण याच मुलांनी आमच्या वाचनालयात ‘चांदोबा’ वाचला होता. तेव्हा ठरले की नाट्यसंगीताचा कार्यक्रम हॉलमध्ये करायचा आणि ऑनलाइनही दाखवायचा.

गेल्या वर्षी जानेवारीत तो झाला. हॉल भरला. ऑनलाइनसाठी आम्ही काय केले? शेवटच्या रांगेत एक मोबाइल स्टँडवर उभा केला आणि दुपारी चार वाजता लिंक ग्रुपवर टाकली. बघणाऱ्यांना लोकांची डोकी दिसली आणि डोक्यावरच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. मध्यंतरात हॉलमध्ये चहा आणि बटाटेवडे. दूरच्यांना पंचवीस मिनिटे रिकामे स्टेज. शेवटी आमच्या कार्यवाहांनी आवाहन केले, “दाराशी पेटी ठेवली आहे, जाताना यथाशक्ती टाका.” जे दारातून जाणारच नव्हते, त्यांनी कुठे टाकायचे?

दुसऱ्या दिवशी आमच्या एका जुन्या सभासदांच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. म्हणाली, “काकू, आम्ही तिघे जण शेवटपर्यंत बघत होतो. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही.”

मंडळी, ते वाक्य मला लागले. घरी आलेल्या पाहुण्याला आपण आधी पाणी विचारतो. इथे पाहुणा दोन तास उंबऱ्याबाहेर उभा होता. आमचे चुकले ते तंत्रात कमी आणि आतिथ्यात जास्त.

जुलैत आम्ही पुन्हा कार्यक्रम केला. त्या वेळी जे केले, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, पैसे कशाला हवेत ते नेमके सांगितले. “वाचनालयास सढळ हाताने मदत करा” असे मोघम नाही. २५१ रुपयांत एका पुस्तकाची बांधणी, २,५०१ रुपयांत खालच्या कपाटाला उंच लोखंडी चौथरा, ११,००१ रुपयांत नवे कपाट. हॉलमधला फलक आणि पडद्यावरची पाटी, दोन्हींवर मजकूर एकच.

दुसरी गोष्ट वेळ. रविवारी संध्याकाळी साडेसात ठरवली. जुलैत तेव्हा लंडनला दुपारचे तीन, न्यू जर्सीत सकाळचे दहा, सिंगापूरला रात्रीचे दहा वाजलेले असतात. मेलबर्नला मात्र मध्यरात्र; त्यांना ध्वनिमुद्रण नंतर पाठवले. हिवाळ्यात तिकडची घड्याळे बदलतात, लंडन-अमेरिकेचा हिशेब एका तासाने सरकतो, हेही ध्यानात ठेवा. कार्यक्रम दीड तासात संपवला. खुर्चीवर बसलेला माणूस शेजाऱ्याशी बोलत तीन तास काढतो, पडद्यासमोरचा काढत नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, सूत्रसंचालक दोन नेमले. एक स्टेजवर. दुसरी, आमची एक कॉलेजातली मुलगी, लॅपटॉप घेऊन पहिल्या रांगेत. ऑनलाइन कोण आले त्यांचे स्वागत करायचे, विचारलेल्याला उत्तर द्यायचे आणि त्यांचे निरोप स्टेजवरून वाचून दाखवायचे, एवढेच तिचे काम. एका जुन्या वाचकाने टोरांटोहून लिहिले, “ग्रंथपालकाकांचा ओरडा अजून आठवतो.” ते वाचताच हॉल हसला, काकाही हसले. दोन सभा होत्या, त्या एक झाल्या.

मध्यंतरात हॉलने चहा घेतला, तेव्हा ती मुलगी ग्रंथपालांना घेऊन वाचनालयात गेली. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगलेली पुस्तके, बांधून आलेली पुस्तके, सारे दूरच्यांना दाखवले. ते पाहून चहा सोडून हॉलमधलेही काही मागोमाग आले.

तंत्राचे तीन शब्द. आवाज मोबाइलच्या माइकवर सोडू नका. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर थेट लॅपटॉपला घ्या. चित्र धूसर चालते, आवाज तुटका चालत नाही. इंटरनेटची एक सोय बंद पडली तर दुसरी तयार हवी, आणि आदल्या दिवशी त्याच वेळी तालीम करा. मध्यंतरात फिल्मी गाण्यांची रेकॉर्ड लावू नका. हक्काच्या कारणावरून प्रक्षेपण आपोआप बंद पडू शकते. कलाकारांची ऑनलाइन दाखवण्यास संमती आधी लेखी घ्या.

आता माझा विषय, पैसा. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा, कुणा कार्यवाहाच्या खात्याचा चालणार नाही, मग तो कितीही सज्जन असो. देणगीवरील करसवलतीची मान्यता असेल, तर दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे पेटीजवळच लिहून ठेवा. देणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीनेच वाचा, आकडा वाचू नका. अकरा हजारांच्या पाठोपाठ आपले एक्कावन्न वाचले जातील, या संकोचाने माणूस खिशातला हात काढत नाही.

परदेशच्या देणगीचे नीट ऐका. भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवतो, ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, त्याची देणगी परदेशी ठरते. तिला २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आमच्याकडे ती नाही. एका गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली आणि सुचवले, “माझ्या इथल्या भावाच्या नावाने जमा करा.” कमिटीत वाद झाला. कपाटे पुढ्यात दिसत होती. तरी आम्ही नाही म्हटले. त्यांना विनंती केली की पैशांऐवजी आठवड्याचा एक तास द्या. आज आमच्या पुस्तकांची यादी संगणकावर चढते आहे, ती ते आणि त्यांच्या पत्नी मिळून टाइप करतात. तुम्ही आपल्या सीएंना विचारूनच पाऊल टाका.

शेवटचे काम कार्यक्रमानंतरचे. आठवड्यात पावत्या गेल्या. महिन्याभरात जमा-खर्चाचे एक पान आणि चौथऱ्यावर चढलेल्या कपाटांचे फोटो, हॉलमधल्यांना आणि दूरच्यांना सारखेच गेले. पुण्याच्या त्या मुलीने पावती मिळाल्यावर आणखी चार पुस्तकांच्या बांधणीचे पैसे पाठवले.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये या संस्थानात ग्रंथालयांची चळवळ सुरू केली, तेव्हा खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. जो ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नाही, तोही वाचकच, हे त्यामागचे धोरण. त्या शहरात राहून दूरच्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवणे आपल्याला शोभत नाही.

आमचे काम अजून अर्धे बाकी आहे. वरच्या मजल्यावर वाचनालय हलवायचे आहे. दसऱ्यानंतर पुन्हा कार्यक्रम ठेवतो आहोत आणि लॅपटॉपजवळ बसायला आणखी दोघे हवे आहेत. आज जाताना कुणी आपले नाव दिले, तर मी आभारी होईन.

गणपती बाप्पा मोरया!