मोटारीची चोरकळ

(नभोवाणीवरील भाषण)

‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण ज्या शेतकऱ्याने प्रथम उच्चारली, त्याचा बैल खरोखरच गेला असला पाहिजे. गोठ्याला दार करावयाचे आज-उद्यावर राहिले, एका रात्री दावण रिकामी झाली, आणि मग सुताराला बोलावणे गेले. काळ पालटला. अनेक अंगणांत बैलाच्या जागी पिकअप, जीप, ट्रॅक्टर अथवा मोटारसायकल उभी राहू लागली. परंतु झोपा करावयाचा तो बैल गेल्यावरच, ही रीत मात्र पालटली नाही.

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तालुक्यात डोईफोडिया नावाचे गाव आहे. निमाडी, मराठी, हिंदी आणि कोरकू अशा भाषा कानांवर पडाव्यात असा हा मुलूख. केळी आणि कापूस ही येथील पिके. घड कापला की तो वेळेवर गाडीत चढला पाहिजे आणि बाजारात पोचला पाहिजे, कारण केळे कोणासाठी थांबत नाही. अशा भागात मालवाहू गाडी ही चैनीची वस्तू राहत नाही. ती घराची एक कमावती व्यक्ती होऊन बसते. ती बहुधा कर्जावर घेतलेली असते. गाडी चोरीस गेली तरी कर्जाचा हप्ता चोरीस जात नाही. तो ठरल्या तारखेस दारात उभा राहतोच. शिवाय या तालुक्याला महाराष्ट्राची सीमा लागून आहे. मध्यरात्री अंगणातून निघालेली गाडी कोंबडा आरवण्यापूर्वी दुसऱ्या राज्यात गेलेली असू शकते. म्हणून डोईफोडियासारख्या गावी गाडी राखण्याचा विचार शहरातल्याइतकाच, किंबहुना अधिक, अगत्याचा आहे.

चोराचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. त्याच्याजवळ हत्यारे असतात, माहिती असते, साथीदारही असतात. त्याच्याजवळ नसतो तो वेळ. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीपाशी घालविलेले प्रत्येक मिनिट त्याला धोक्याचे असते. जगातील कोणतेही कुलूप चोरी अशक्य करीत नाही. ते चोराचा वेळ खाते, एवढेच. जे साधन अधिक वेळ खाईल ते चांगले, आणि ज्याची रीत चोराला आधीच पाठ आहे ते निकामी, हाच या शास्त्राचा पाया होय. गावाच्या नावात ‘डोई’ फुटत असली तरी फुटावयाचे ते चोराचे डोके, मालकाचे नव्हे, अशी योजना केली पाहिजे.

या योजनेचा इतिहास मोटारीच्या इतिहासाइतकाच रंजक आहे. १९१९ साली अमेरिकेत सेंट जॉर्ज इव्हान्स आणि एडवर्ड बर्केनब्यूल या दोघांनी एका युक्तीचे पेटंट घेतले. मोटारीत तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ कळांची एक फळी बसवावयाची. मालकाने ठरविलेल्या कळा बरोबर लागल्या तर वीज इंजिनाकडे जावयाची. चुकल्या तर इंजिन गप्प राहावयाचे आणि भोंगा मात्र ओरडू लागावयाचा. कळांची मांडणी रोज बदलता येत असे. आज बाजारात मिळणाऱ्या साधनांची दोन्ही कुळे या एका फळीत सापडतात. एक कूळ ओरडणारे, दुसरे मुकाट्याने अडविणारे. पुढे स्टिअरिंगला कुलूप आले. अमेरिकेत १९७० पासून नव्या मोटारींना, चावी काढताच स्टिअरिंग अथवा गाडीची चाल अडेल अशी योजना सक्तीची झाली.

प्रथम ओरडणाऱ्या कुळाचा, म्हणजे अलार्मचा विचार करू. दार उघडले, काच फुटली अथवा गाडी हलली की भोंगा वाजतो. चोराला उजेड जितका नकोसा तितकाच आवाज. परंतु अलार्मची सारी शक्ती ऐकणाऱ्यांच्या कानांत असते. मांजर उडी मारून गेले, लग्नाच्या वरातीत फटाका वाजला, जवळून जड ट्रक गेला, तरी जो भोंगा वाजतो, त्याची गत ‘लांडगा आला रे आला’ म्हणणाऱ्या पोरासारखी होते. न्यूयॉर्क शहरात या भोंग्यांचा उपद्रव एवढा वाढला की तीन मिनिटांत अलार्म आपोआप बंद झालाच पाहिजे असा नियम करावा लागला. १९९७ साली अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने लक्षावधी मोटारींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अलार्म असलेल्या मोटारींच्या चोरीच्या नुकसानीत एकंदरीत घट दिसून आली नाही. महानगरात भोंगा कोणाचा, हे कोणास ठाऊक नसते आणि जाणून घेण्याची इच्छाही नसते.

खेड्यात स्थिती काहीशी निराळी आहे. येथे कोणाच्या गाडीचा आवाज कसा, हे शेजाऱ्यास ठाऊक असते. भोंगा वाजला तर खिडकी उघडण्याचा संभव अधिक. परंतु त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. अलार्मची संवेदनक्षमता इतपतच ठेवावी की तो कारणाशिवाय वाजू नये. आणि शेजारच्या दोन-चार घरांना आधी सांगून ठेवावे की हा आवाज आला तर दिवा लावा, हाक मारा, काठीशिवाय एकटे बाहेर पडू नका. शेजारधर्माची जोड नसलेला अलार्म म्हणजे रानात वाजविलेली घंटा.

आता दुसरे, मुके कूळ. बाजारात ज्याला किल स्विच म्हणतात, त्याला मराठीत ‘चोरकळ’ म्हणावयास हरकत नसावी. चोरखिसा, चोरकप्पा, चोरवाट हे शब्द आपल्या भाषेत पूर्वीपासून आहेत. त्यांतील ‘चोर’ म्हणजे लपविलेला, आणि तो लपविलेला असतो चोरापासूनच. जुन्या वाड्यांच्या भिंतींत दागिन्यांसाठी असे कप्पे ठेवीत. मोटारीतील चोरकळ ही त्याच वंशातील होय. इंजिन चालण्यास लागणारी एखादी वीजवाहक तार मध्येच तोडून तेथे एक गुप्त कळ बसवावयाची. कळ बंद असताना चावी लावली तरी गाडी चालत नाही, आणि ती का चालत नाही हे चोराला उमगत नाही. मालकाच्या हातून क्षणात होणारे काम शोधून काढण्यात चोराची मौल्यवान मिनिटे जातात.

ही तार कोणती निवडावी, हे गाडीवर अवलंबून आहे. पेट्रोलच्या मोटारीत स्टार्टरच्या रिलेची तार निवडणे सर्वांत निर्धोक, कारण गाडी चालू असताना ती तुटली तरी काही बिघडत नाही. परंतु हाताने गिअर बदलावयाची गाडी धक्का मारून सुरू करता येते, ही त्यातील उणीव. इंधन पंपाच्या रिलेची तार निवडल्यास ही उणीव राहत नाही. नळीत उरलेल्या इंधनावर गाडी कदाचित सुरू होईल, पण थोडे अंतर जाऊन थांबेल. आणि भररस्त्यात बंद पडलेल्या गाडीत बसून राहणारा चोर विरळा. मात्र ही कळ धावत्या गाडीत चुकून दाबली गेली तर इंजिन बंद पडेल, स्टिअरिंग जड होईल आणि ब्रेकला मिळणारे साहाय्यही लवकरच संपेल. म्हणून ती गुडघा लागेल अशा जागी कधीही बसवू नये.

जुन्या डिझेल गाड्यांची आणि ट्रॅक्टरांची गोष्ट अगदी वेगळी. डिझेल ठिणगीने पेटत नाही. दाबाने तापलेल्या हवेत ते आपोआप पेटते. इंजिन एकदा फिरू लागले की अशा गाडीला विजेची फारशी गरज उरत नाही. उतारावर सोडलेला ट्रॅक्टर बॅटरीवाचूनही सुरू होऊ शकतो. तेथे केवळ स्टार्टरची तार तोडून भागत नाही. डिझेलचा पुरवठा बंद करणाऱ्या सोलेनॉइडकडे पाहावे लागते. काही सोलेनॉइड वीज मिळताच डिझेल सोडतात, तर काही वीज मिळताच ते बंद करतात. गाडीतला कोणता, हे मिस्त्रीने आधी तपासावे. मॅग्नेटोवर चालणाऱ्या जुन्या मोटारसायकलींत तर सारा न्याय उलटा आहे. तेथे ठिणगी थांबविण्यासाठी तार जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडावी लागते. चोराने चावीची तार तोडली की गाडी बंद पडण्याऐवजी सुरू होण्यास मोकळी होते! तेथे चोरकळीने आणखी एक गुप्त तार सांगाड्याला जोडून ठेवावयाची असते.

कळ कोणतीही असो, काही पथ्ये सर्वत्र सारखीच. जाड प्रवाहाची तार तोडू नये. रिलेला हुकूम देणारी बारीक तार निवडावी. सांधा पक्का असावा, फ्यूज असावा. सैल सांध्याने चोर टळेल पण आग लागेल. नवी तार जुन्या तारांच्या रंगाचीच असावी, नाही तर लाल तार स्वतःच चोराला वाट दाखवील. सर्व मिस्त्री ज्या जागी कळ लपवितात ती जागा टाळावी, कारण ती चोरालाही पाठ असते. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर कंपनीच्या केंद्राला विचारल्यावाचून तारांना हात लावू नये. एअरबॅगच्या तारांना तर कोणीही, केव्हाही हात लावू नये.

नव्या मोटारींत ही चोरकळ कारखान्यातच बसवून येते. तिला इमोबिलायझर म्हणतात. चावीच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते. तिचा संकेत जुळला तरच इंजिनाचा संगणक गाडी चालू देतो. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना हे साधन सक्तीचे झाले. नेदरलँड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी तेथील नोंदी अभ्यासून असा निष्कर्ष काढला की त्यामुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरीने सुमारे ४० टक्क्यांनी घटले. उलट अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. ह्युंदाई आणि किआ या कंपन्यांच्या तेथे विकल्या गेलेल्या अनेक मोटारींत हे साधन नव्हते. २०२१ च्या सुमारास त्या पळविण्याची रीत चित्रफितींतून पोरासोरांपर्यंत पोचली आणि शहराशहरांतून चोऱ्यांची लाट उसळली. शेजारच्या कॅनडात २००७ पासून इमोबिलायझर सक्तीचा असल्याने तेथील त्याच कंपन्यांच्या गाड्या त्या रीतीला बळी पडल्या नाहीत. अर्थात चोरही शिकत असतो. खिशातली चावी बाहेर न काढता उघडणाऱ्या मोटारींच्या चावीचा संदेश घराबाहेरून पकडून तो गाडीपर्यंत पोचविणाऱ्या टोळ्या आता निघाल्या आहेत. सर्व गाड्यांना सारखेच असलेले साधन एकदा फुटले की सर्व गाड्या एकदम उघड्या पडतात. मालकाने स्वतःच्या बुद्धीने बसविलेली साधी चोरकळ या काळातही उपयोगी पडते ती याच कारणाने: ती कोणत्याही पुस्तकात छापलेली नसते.

तथापि चावी ही अखेर माणसाच्या हाती असते. बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस असीरगड उभा आहे. दख्खनचा दरवाजा म्हणून ख्याती पावलेला हा किल्ला अकबराला तोफांनी सर करता येईना. १६०१ साली तो त्याच्या हाती आला. अबुल फझल याचे श्रेय गडावरील रोगराईला देतो. अकबराच्या छावणीतील जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवर आधारलेला वृत्तांत सांगतो की गडावरील अधिकाऱ्यांना सोने वाटण्यात आले. खरे कोणतेही असो, मोटारीच्या मालकाने दुसरी कथा विसरू नये. चोरकळीची जागा चालकाला आणि घरातील एका विश्वासू माणसाला ठाऊक असावी. चहाच्या टपरीवर ती बढाईचा विषय होऊ नये. दुसरी चावी गाडीतच ठेवणे, अथवा ‘आलोच’ म्हणून इंजिन चालू ठेवून उतरणे, म्हणजे गडाचा दरवाजा आपणच उघडणे होय.

हा निष्काळजीपणा पुढे विम्याच्या वेळीही नडतो. एका ट्रकचा चालक पत्ता विचारण्यास खाली उतरला, चावी गाडीतच राहिली आणि ट्रक गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. २०२३ साली न्यायालयाने मालकाला विम्याच्या रकमेच्या ७५ टक्के देवविले. उरलेला चतुर्थांश त्या एका चावीची किंमत ठरला. गाडी गेल्याचे कळताच पहिली धाव पोलिसांकडे घ्यावी. २०२० च्या एका निकालात याच न्यायालयाने म्हटले आहे की पोलिसांत फिर्याद तत्काळ दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळविण्यास उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेप्रमाणे फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते, हद्दीचे कारण सांगता येत नाही. दोन राज्यांच्या सीमेवरील लोकांना ही सोय विशेष मोलाची आहे.

इतके सारे करूनही एक प्रश्न उरतो. चोरलेली गाडी जाते कोठे? पुष्कळशा गाड्या अखंड राहतच नाहीत. त्यांचे सुटे भाग होऊन विकले जातात. उत्तर प्रदेशात मेरठ येथील सोतीगंजचा बाजार अशा भागांसाठी कुप्रसिद्ध होता. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला. परंतु बाजार दुकानांनी बनत नाही, गिऱ्हाइकांनी बनतो. पावती नसलेला गिअरबॉक्स निम्म्या किमतीत मिळाला म्हणून जो खूश होतो, त्याने कोणाच्या तरी अंगणातील रिकाम्या जागेची किंमत चुकविलेली असते. चोराला लागणारी मिनिटे अलार्म आणि चोरकळ खाऊ शकतात. त्याला मिळणारे पैसे मात्र गिऱ्हाईकच थांबवू शकते. गाडीला चोरकळ बसवून घेणाऱ्याने सुटा भाग घेताना पावतीही मागून घ्यावी. एकीने स्वतःची गाडी राखली जाते, दुसरीने शेजाऱ्याची.