बी अम्मा : एका आईचे दीर्घ आयुष्य
(पालक-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात "शिक्षण आणि आई" या विषयावर बोलावे, असे चिटणीस साहेबांनी मला सांगितले. विषय गोड आहे, पण तितकाच निसरडा. आईवर बोलायला उभा राहिलेला माणूस दोन मिनिटांत हुंदके देऊ लागतो आणि ऐकणाऱ्यांच्या पदरात काही पडत नाही. म्हणून मी एकाच बाईची हकिगत सांगणार आहे. त्यांचे नाव आबादी बानो बेगम. सारा हिंदुस्थान त्यांना बी अम्मा म्हणत असे. मौलाना शौकत अली आणि मौलाना मोहम्मद अली यांच्या त्या वालिदा.

त्यांचा जन्म १८५० सालचा, संयुक्त प्रांतातील अमरोह्याचा. १८५७ ची धामधूम झाली तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. लग्न रामपूर संस्थानातील अधिकारी अब्दुल अली खान यांच्याशी झाले. पाच मुलगे आणि एक मुलगी झाली, आणि तिशीच्या घरात असतानाच वैधव्य आले. मोहम्मद अली तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. निकाहाला मजहबाची मनाई नव्हती, मागण्याही आल्या. पण त्यांनी दुसरे लग्न केले नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मुलांना इंग्रजी शाळेत घालायचे त्यांनी ठरविले. त्या काळी शरीफ घराण्यांत इंग्रजी शाळा म्हणजे ईमान गमावण्याची जागा असा समज होता. मालमत्तेचा कारभार ज्या दिरांकडे होता त्यांचेही मत असेच. एक मुलगा बिघडला तेवढे पुरे, दुसऱ्याला पैसे मिळणार नाहीत, असे त्यांनी साफ सांगितले. बी अम्मांनी वाद घातला नाही. दासीच्या हाती आपले दागिने बाहेर पाठविले, ते गहाण ठेवले आणि मुलाला बरेलीच्या शाळेत धाडले. स्वतः त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. ज्या गोष्टीची चव आपण कधी घेतली नाही, तिच्यासाठी अंगावरचे सोने उतरवायला काय लागते, याचा विचार या सभागृहातील पुरुषांनी करावा. बायकांना तो सांगावा लागत नाही. आपल्या शाळेच्या फीच्या पावत्यांमागे किती बांगड्या आणि किती मंगळसूत्रे आहेत, ते पतपेढीचा कारकून सांगू शकेल.

बरेलीहून मुले अलीगढला गेली. मोहम्मद अली १८९८ साली ऑक्सफर्डला रवाना झाले, आणि तो खर्च नोकरीस लागलेल्या शौकत अलींनी उचलला. आईने पहिल्या मुलावर लावलेला पैसा असा घरातच फिरला. परतल्यावर मोहम्मद अलींनी काही वर्षे आपल्या सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात नोकरी केली. १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्याहून 'कॉम्रेड' साप्ताहिक काढले. पुढचे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आईची तपश्चर्या फळाला आली, मुले मोठी झाली, आता नातवंडे खेळवावीत, असा आपल्याकडील हिशेब. बी अम्मांच्या बाबतीत तो चुकला. १९१५ मध्ये दोन्ही मुले नजरकैदेत पडली आणि पुढे मध्य प्रांतातील छिंदवाड्यास ठेवली गेली. पासष्टी ओलांडलेली आई त्यांच्याबरोबर तिथे राहिली. सरकारी अधिकारी सुटकेसाठी हमीपत्र घेऊन आला तेव्हाची आठवण सांगतात. पडद्याआडून बी अम्मांनी बजावले, मुलांनी भित्रेपणाने सही केली तर त्यांचा गळा आवळण्याइतके बळ या म्हाताऱ्या हातांत अजून आहे. लाड म्हणजे माया, असे मानणाऱ्यांना ही माया कशी वाटेल कोण जाणे.

१९१७ साली मुस्लिम लीगने मोहम्मद अलींना अध्यक्ष निवडले, ते कैदेत. कलकत्त्याला त्यांची आई गेली आणि बुरख्यातून बोलली. १९२१ मध्ये कराचीच्या खटल्यात दोघा भावांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. (त्या खटल्यात शारदापीठाचे शंकराचार्यही आरोपी होते व ते सुटले, आजच्या तरुणांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते.) मुलगे तुरुंगात गेल्यावर सत्तरी उलटलेल्या बी अम्मा आणि सून अमजदी बेगम यांनी चळवळीचे काम हाती घेतले. गावोगाव सभा, निधी आणि खादीचा प्रचार. पंजाबातील एका सभेत त्यांनी बुरखा वर केला. समोरचे सारे आपल्या मुलांसारखेच आहेत, असे म्हणाल्या. आयुष्यभर पडदा पाळलेल्या बाईने हे केले. यावर आपल्यात दोन मते होतील. मला एवढेच दिसते की पडदा पाळण्याचा आणि उचलण्याचा, दोन्ही निर्णय त्यांचे स्वतःचे होते.

आणि हे सारे करताना घर होतेच. मोहम्मद अलींना चार मुली. बाप तुरुंगात असताना अमीना क्षयाने खंगत होती. आजी सभेत हजारोंना धीर देत असे, आणि घरी परतल्यावर नातीचा ताप पाही. १९२३ साली मोहम्मद अली सुटले, काकिनाडा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९२४ मध्ये अमीना गेली. त्याच साली सप्टेंबरात गांधीजींनी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास आरंभला, तो दिल्लीत मोहम्मद अलींच्याच घरी. बी अम्मांची प्रकृती तेव्हा ढासळत चालली होती.

आमच्या सोसायटीकडे येणारे पालक अजून म्हणतात, "आधी मुलाचे बघू, मुलीचे पुढे." बी अम्मांचे उदाहरण देऊन मी त्यांना गप्प बसवू शकत नाही, कारण दागिने त्यांनीही मुलग्यांसाठीच गहाण ठेवले होते. तो काळ तसा होता. पण शाळेत न गेलेली ती बाई सत्तराव्या वर्षी जे बोलली ते ऐकायला माणसे जमत. तिला पाटी-पेन्सिल मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मी पालकांना विचारतो. बहुतेक जण हसतात. गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीचा दाखला घेऊन आले.

बी अम्मा १३ नोव्हेंबर १९२४ रोजी अल्लाला प्याऱ्या झाल्या. गांधीजींनी 'यंग इंडिया'त त्यांच्यावर लिहिले. मोहम्मद अलींनी तुरुंगात आत्मचरित्र लिहावयास घेतले होते, ते अपुरेच राहिले आणि १९४२ साली छापले गेले. त्यातली दागिन्यांची हकिगत मात्र पुरी आहे.