आघाडी किती, आणि उरले किती?



अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्या वर्तमानपत्रांतही रोज बातमी असते: अमुक राज्यात अमुक उमेदवार दोन टक्क्यांनी पुढे. आठवड्याभरात तोच एका टक्क्याने मागे पडतो. ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्या घरांत या आकड्यांनी जीव टांगणीला लागतो. हे आकडे वाचायचे कसे, यावर आज बोलायचं आहे.

आकडे राज्यवार का, हे आधी पाहू. तिथे अध्यक्ष निवडतात ते ५३८ प्रतिनिधी, आणि जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात ज्याची मतं जास्त, त्याला तिथले सगळे प्रतिनिधी. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख मतं जास्त पडली, तरी अध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांतली त्यांची आघाडी एकत्र केली तरी ७८ हजारांच्या आत भरते.

त्यातलं विस्कॉन्सिन जरा जवळून पाहू. मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठाचं विधी महाविद्यालय तिथे जनमत चाचणी घेतं, आणि तिचा दबदबा मोठा आहे. २०१६ची त्यांची शेवटची चाचणी ३१ ऑक्टोबरला संपली. क्लिंटन ४६, ट्रम्प ४०. सगळ्यांनी वाचलं, सहा टक्क्यांची आघाडी. आठवड्याने मतदान झालं आणि ट्रम्प तिथे टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. चाचणी सपशेल चुकली, असं जो तो म्हणाला. पण निकालाचे आकडे बघा: क्लिंटन साडेशेहेचाळीस, ट्रम्प सत्तेचाळीसच्या किंचित वर. म्हणजे क्लिंटन यांचा आकडा जवळजवळ बरोबरच होता! ४६ आणि ४० मिळून होतात ८६. उरलेले १४ टक्के कुणाचे, हे कुणी विचारलंच नाही. त्यांतले काही छोट्या पक्षांकडे होते, काहींचं ठरत नव्हतं, आणि ज्यांनी अगदी शेवटी ठरवलं त्यांतले बरेच ट्रम्प यांच्याकडे वळले. माझ्या मते आघाडीच्या आधी हा उरलेला आकडा छापायला हवा. उमेदवार ४६वर असेल तर सहाची आघाडीही कच्ची. तोच ५१वर असेल तर तीनची आघाडीसुद्धा बरीच भक्कम.

आता चढउताराबद्दल. आठशे लोकांना विचारलं, तर एका उमेदवाराचा आकडा साडेतीन टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, आणि दोघांतला फरक जवळपास सात टक्के. तेव्हा दोन टक्क्यांच्या हालचालीवर मथळा करण्यात अर्थ नाही.

मोठी हालचाल दिसली तरी मतं बदललीच असं नव्हे. ३ ऑक्टोबर २०१२ला डेन्व्हरच्या वादसभेत अध्यक्ष ओबामा फिके पडले आणि चाचण्यांत त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी झपाट्याने वर आले. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सबॉक्सवर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मंडळींकडून रोज उत्तरं गोळा केली होती. ती तपासल्यावर दिसलं, की मत बदललेली माणसं थोडीच होती. ओबामांचे समर्थक हिरमुसले होते आणि उत्तर द्यायलाच पुढे येत नव्हते. आकड्यातली बरीचशी उलथापालथ तेवढ्यानेच झाली होती.

तेव्हा चाचणीवाल्याचा फोन कोण घेतं, हाच या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. पदवीधर माणूस चाचणीला अधिक उत्साहाने उत्तर देतो. २०१६ साली राज्यांतल्या अनेक चाचण्यांनी नमुन्यात शिक्षणाचं प्रमाण जुळवून घेतलं नव्हतं, आणि बिगरपदवीधर गोरा मतदार तर ट्रम्प यांच्याकडे झुकलेला. पुढे पुष्कळांनी ती दुरुस्ती केली. तरीही २०२० साली विस्कॉन्सिनमध्ये चाचण्यांची सरासरी ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी जो बायडन यांना आठ टक्के पुढे दाखवत होती, आणि ते जिंकले २१ हजारांहूनही कमी मतांनी. बिगरपदवीधरांतही जो फोन उचलतो आणि जो उचलत नाही, ते दोघे मत सारखंच देतील असं नाही. प्रमाण जुळवून ही उणीव भरून निघत नाही.

शिवाय राज्यं सुटी सुटी चुकत नाहीत. विस्कॉन्सिनच्या छोट्या गावातला जो कामगार चाचणीवाल्याला टाळतो, तसाच मिशिगनमध्येही असतो आणि पेनसिल्व्हेनियातही. तेव्हा चूक झाली की तिन्हीकडे, आणि एकाच दिशेला. २०२४ साली सात राज्यांत लढत अटीतटीची दिसत होती. सातांपैकी निम्मी इकडे, निम्मी तिकडे जातील, असा हिशेब अनेक घरांत मांडला गेला असेल. सातही राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली, आणि सातही ठिकाणी चाचण्यांच्या सरासरीने त्यांना थोडं कमीच मोजलं होतं. तेवढं थोडं सगळीकडे पुरलं.