स्टेरॉइड कमी झालं, मग थकवा का राहिला?



‘एम्स’मध्ये दाखवायला गावाकडून आलेले पेशंट इथे पहाडगंजात मुक्कामाला असतात. संधिवात, ल्युपस, आतड्याची सूज, असे आजार. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेतलेलं असतं. सूज उतरते, रिपोर्ट सुधारतात, डोस कमी होतो आणि नेमकं तेव्हाच अंगातलं त्राण जातं. घरचे म्हणतात, “आता बरी झालीस ना, मग सारखी आडवी का होतेस?” हा आळस नाही, हे आज सांगायचं आहे.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल तयार करतात. ते पहाटे वाढतं, म्हणून सकाळी आपण उठू शकतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूकडून या ग्रंथींना येणारा निरोप थांबतो आणि त्या सुस्तावतात. सुमारे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे शरीराची रोजची गरज. डोस त्याच्या आसपास किंवा खाली आला की ग्रंथींना स्वतः काम करावं लागतं. त्यांना जागं व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं.

म्हणून पहिली गोष्ट: गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. त्यात जिवाला धोका आहे. ताप, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशन असेल तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो. तो किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. ‘स्टेरॉइड चालू आहे’ अशी चिठ्ठी पाकिटात ठेवा. गोळी पोटात टिकत नसेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तर थेट इमर्जन्सीत जा.

दुसरी गोष्ट: थकव्याचं कारण शोधा. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. त्याआधी गोळी कधी घ्यायची, ते विचारून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व हेही बघून घ्या. मूळ आजार पुन्हा डोकं वर काढतोय का, हेही तपासायला हवं. स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायूही झिजतात. खाली बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तिसरी गोष्ट: ताकद जपून खर्च करा. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घ्या. रात्री घेतली तर झोप उडते. खुर्चीवरून उठ-बस पाच वेळांपासून सुरू करा, हळूहळू वाढवा. डाळ, अंडी, दही जेवणात असू द्या. ‘एम्स’ला जाताना स्टेशनचा पूल चढण्यापेक्षा रामकृष्ण आश्रम मार्गावरून मेट्रो घ्या, राजीव चौकात पिवळी लाइन पकडा. लिफ्ट वापरायला लाजू नका.

आणि सांधेदुखीवर कुणी नाव नसलेल्या पुड्या दिल्या तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

घरच्यांना एवढीच विनंती: “उठ, काहीतरी कर” म्हणण्याऐवजी “आज काय जमेल?” असं विचारा.