यंत्र जागे कसे होते?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा कामगार-कायद्याची असावी. आम्ही ‘संगणक चालू होतो कसा’ असे सांगताच ते क्षणभर गप्प झाले. आमची शाळा दहावीला सुटली आणि पुढचे शिक्षण फौंड्रीच्या भट्टीपुढे झाले. तेव्हा संगणकावर बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, ही शंका रास्त आहे. अधिकार नाहीच. एका खातेनिहाय चौकशीपायी हा विषय शिकणे आम्हांस भाग पडले, एवढेच. ती हकीकत पुढे येईल. आधी मूळ अडचण समजून घेऊ.

आपल्या उद्यमनगरात बनलेले ऑईल इंजिन ज्यांनी मळ्यात चालविले आहे, त्यांना फार सांगावे लागणार नाही. इंजिन एकदा फिरू लागले की आपल्याच बळावर फिरत राहते. पण पहिले फेरे त्याला स्वतःला घेता येत नाहीत. हवेची कळ वर धरून माणसाने हँडल मारायचे, चाकाला वेग आला की कळ सोडायची, मग ते धडधडू लागते. संगणकाचेही तसेच आहे. त्याची कामाची स्मृती म्हणजे पाटी. वीज गेली की ती पुसली जाते. सकाळी कळ दाबावी तेव्हा पाटी कोरी. तबकडीवरून आज्ञा वाचून घ्यावी म्हटले, तर वाचायचे कसे याची आज्ञा तरी आधी स्मृतीत हवी ना? कसलेला डोंबारीसुद्धा स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. इंग्रजीत हाच भाव बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःस उचलण्याच्या उपमेने सांगतात, आणि यंत्र जागे करण्याला ‘बूट करणे’ म्हणतात ते त्यावरूनच.

पूर्वीच्या काळी हे हँडल खरोखरच माणूस मारीत असे. १९७५ साली अमेरिकेत निघालेल्या आल्टेअर यंत्राच्या दर्शनी भागावर बटणांची रांग होती. पहिल्या काही आज्ञा ती बटणे खालीवर करून एकेक भरायच्या, मग कागदाच्या छिद्रपट्टीवरून बाकीचे वाचून घ्यायचे. छिद्रपट्टी आपल्याकडेही नवी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच माणसांनी बांधलेला, १९६० साली कामास लागलेला ‘टिफ्रॅक’ संगणक आपली माहिती कागदी पट्टीवरूनच घेत असे. पुढे युक्ती निघाली की, पहिल्या आज्ञा एका न पुसणाऱ्या चिपेत कायमच्या कोरून ठेवाव्यात. वीज येताच यंत्र त्या चिपेकडे वळते, आपले अवयव तपासते, मग एकेका माध्यमाच्या दारात जाऊन विचारते, ‘मला पुढचे सांगणारे येथे कोणी आहे काय?’ ज्या दारात पहिले उत्तर मिळेल, त्याचे ते ऐकते. उत्तर देणारा मालक आहे की वाटसरू, हे ते जुने यंत्र विचारीत नसे. आमच्या सगळ्या हकीकतीचे मूळ येथे आहे.

१९८१ साली आयबीएमचा पहिला घरगुती संगणक आला. त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. फ्लॉपी घाला, नाहीतर टेपरेकॉर्डरची कॅसेट जोडा. दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क १९८३ च्या सुधारित यंत्रात आली, पण दारांचा क्रम जुनाच राहिला: आधी फ्लॉपी, मग हार्ड डिस्क. हे ध्यानात असू द्यावे.

आता ती चौकशी. साल १९९३. जिल्ह्यातल्या एका संस्थेत, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, पगारपत्रके संगणकावर नुकतीच सुरू झाली होती. एका संध्याकाळी एका भगिनीने काम संपवून यंत्र बंद केले. दुसऱ्या दिवशी पगार. सकाळी यंत्र उठेना. पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली आणि सारे ठप्प. पगार तीन दिवस लांबला, गेटवर आरडाओरड झाली, बाहेरून कारागीर आला, यंत्र उघडून झाडून पुसून चालू करून गेला आणि बिल लावून गेला. बाईंवर आरोपपत्र आले: यंत्राची हार्ड डिस्क बिघडविली. त्यासोबत निलंबन.

बचाव-प्रतिनिधी म्हणून आम्ही उभे राहिलो, तेव्हा आमचे वय पंचविशीच्या आतबाहेर. संगणक आम्ही मोर्चाच्या फलकावर पाहिलेला, तोही फुली मारलेला. बँकांतल्या संघटनांनी १९८३ साली यंत्रीकरणाचा करार केला होता, पण आमच्या लहानशा युनियनने ‘यंत्राला हात लावायचा नाही’ हेच धोरण धरले होते. त्याचा परिणाम असा की, आरोप आला तेव्हा यंत्राबद्दल दोन शब्द सांगेल असा आमच्यात एकही माणूस नव्हता. बाईंना तरी साहेबांनीच जबरीने बसविले होते. शिकवणी दोन दिवसांची.

बरे, यंत्र तर आता नीट चालत होते. पुरावा कसला देणार? साहेबांच्या तक्रारीत मात्र ती इंग्रजी ओळ त्यांनी प्रामाणिकपणे जशीच्या तशी उतरवून घेतली होती. अर्थ असा: ‘ही प्रणालीची तबकडी नव्हे, किंवा तबकडीत दोष आहे, बदला आणि तयार झाल्यावर कोणतीही कळ दाबा.’ तो कागद घेऊन आम्ही राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ओळ वाचली आणि तो हसू लागला.

“अवो दादा, मशीन कुठं मेलंय? आदल्या दिवशीची फ्लॉपी आतच ऱ्हायली आसंल. ही ओळ फ्लॉपी बोलतीया, मशीन न्हाई.”

त्याने दोन तास आम्हांस समोर बसवून समजाविले. प्रत्येक फ्लॉपीच्या पहिल्या खणात ५१२ बाइटांची एक चिमुकली आज्ञावली असते. फ्लॉपी नुसती पगाराच्या आकड्यांची असली, तरी तो खण असतोच. यंत्र सकाळी आधी तिच्या दारात गेले, तो खण वाचला, आणि त्यातल्या आज्ञावलीला पुढची प्रणाली सापडली नाही म्हणून तिनेच ती ओळ पडद्यावर लिहिली. हार्ड डिस्कच्या दारापर्यंत यंत्र पोचलेच नव्हते. कारागिराने उघडण्यापूर्वी फ्लॉपी बाहेर काढली. यंत्र तेव्हाच बरे झाले. बाकी बिल झाडण्या-पुसण्याचे.

चौकशी अधिकाऱ्यांना आम्ही विनंती केली, “साहेब, आपल्याच हाताने कोणतीही आकड्यांची फ्लॉपी घालून यंत्र चालू करावे.” त्यांनी केले. तीच ओळ, शब्दशः. “आता ती काढून एक कळ दाबावी.” यंत्राने घरघर केली आणि नेहमीप्रमाणे ते उठले. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

नुकसानीचा आरोप गेला, निलंबन उठले, राहिलेला पगार मिळाला. ‘निष्काळजीपणाबद्दल समज’ एवढी नोंद मात्र त्यांनी सेवापुस्तकात ठेवली. तेव्हा आम्ही तिच्याविरुद्ध खूप गर्जना केली. आज कबूल करतो की, साहेबांचीही एक बाजू होती. याच पहिल्या खणात दडून बसणारे विषाणू तेव्हा फिरत होते. त्यांतला ‘ब्रेन’ १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी रचलेला. ‘मायकेलअँजेलो’ नावाचा दर सहा मार्चला तबकडीवरची माहिती चिरडीत असे. विसरलेली परकी फ्लॉपी म्हणजे उघडे दार, हे खरेच. पण दारांचा क्रम बदलून हार्ड डिस्क आधी ठेवण्याची सोय त्या यंत्रात होती, आणि ती करून ठेवणे बाईंचे काम नव्हते. चौकशीनंतर दुरुस्तीवाल्याने ते पाच मिनिटांत केले.

पुढची माध्यमे भराभर आली. सीडीवरून यंत्र उठविण्याची रीत १९९५ साली ठरली. तिचे नाव ‘एल टोरिटो’, आणि हे एका उपाहारगृहाचे नाव आहे! २००० च्या सुमारास जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांनी ‘नॉपिक्स’ काढले: सीडी घाला, सबंध प्रणाली तिच्यावरूनच चालते, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. मेलेल्या यंत्रातली माहिती वाचविण्यास हे फार उपयोगी पडले. मग पेन-ड्राइव्ह आला. तारेवरून दुसऱ्या संगणकाकडून पहिला शब्द मागून घेणारी यंत्रेही आहेत. त्यांना स्वतःची तबकडी लागत नाही.

आता दारावर पहारेकरी आला आहे. २०१२ पासूनच्या बहुतेक संगणकांत, पहिला शब्द सांगणाऱ्याची सही तपासूनच यंत्र त्याचे ऐकते. विषाणूला आळा बसतो, हे चांगलेच. परंतु कोणाची सही चालेल हे ठरविणारा कोण, असा प्रश्न आमच्यासारख्या माणसाला पडतोच. घरच्या संगणकात हा पहारा सहसा मालकास उठविता येतो. पुष्कळ मोबाइलांत येत नाही. पैसे आपण दिले, यंत्र खिशात आपल्या, आणि पहिला शब्द दुसऱ्याचा!

युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. त्यातल्या विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि नवी आवृत्ती जेवढे मागते तेवढे त्या यंत्रात नाही. भंगारात घालावा असा ठराव आला होता. आम्ही एका पेन-ड्राइव्हवर लिनक्स घेतले, दारांचा क्रम बदलला आणि यंत्र उठले. सभासदांची वर्गणी आता त्यावरच लिहितो. तो संगणक आज आम्ही येथे आणला आहे, आणि शोधून ठेवलेली एक फ्लॉपीही. ज्यांना आपल्या हाताने यंत्र उठवून पाहायचे असेल, त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर मागच्या टेबलाशी यावे.