अंगठा कथा शे?

परदेशी बाई इंग्रजी शिकवायला आल्या की आपल्याला वाटतं, आता पोरं पोपटासारखी बोलू लागणार. मला मात्र आठवतात मॅक्सीन बर्नसन. या अमेरिकन बाई 1961 मध्ये हैदराबादला आल्या त्या इंग्रजी शिकवायला. पुढे 1966 मध्ये फलटणला गेल्या, तिथली माणसं मराठी कशी बोलतात हे ऐकायला! त्यावर पीएच.डी. केली, 1978 मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. 1986 मध्ये फलटणला त्यांची कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली ती मराठी माध्यमाची. जन्मजात इंग्रजीवाल्या बाई आणि शाळा मराठी! वाचन शिकवताना त्यांनी अआइईची रांग मोडली. मोजकी अक्षरं घ्यायची, लगेच त्यांचे अर्थाचे शब्द करायचे. पोराला पहिल्याच आठवड्यात 'मला येतं' असं वाटायला हवं.

आता आपल्याकडे, खानदेशात या. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. खानदेशातल्या पोराची ती दुसरी भाषा नव्हे हो, तिसरी! घरात अहिराणी नाहीतर तावडी, शाळेत पुस्तकी मराठी, वर ए-बी-सी-डी. पोरगं 'केळी'ला 'केयी' म्हणालं की वर्ग हसतो, कधी गुरुजीही. बिचाऱ्याच्या तोंडात 'ळ' नाही. पण 'ळ' इंग्रजीत तरी कुठे आहे? अस्सल साहेबालाही 'केळी' म्हणताना घाम फुटेल. म्हणजे या एका बाबतीत आमचं पोरगं साहेबाच्या बाजूचं. हे त्याला कोणी सांगतच नाही.

धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत मीही आधी चार्टवरचं ॲपल दाखवून शिकवत होते. ॲपल वर्गातल्या किती जणांनी खाल्लं होतं, देव जाणे. मग एकदा बाजारातून केळ्यांची फणी घेऊन गेले. जळगावकरांना केळीबद्दल मी काय सांगणार! 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं त्यांचं केळं. पण इंग्रजीत फणीला काय म्हणतात? 'हँड'. आणि एकेका केळ्याला 'फिंगर'! आपल्याला तिथे कंगवा दिसला, त्यांना हात.

मी फणी उचलली, 'हँड' म्हणाले. पोरांनी आपापले पंजे वर केले. वन फिंगर, टू फिंगर्स... मोजता मोजता पाचावर थांबायचं भान कुणाला राहिलं नाही, कारण फणी संपत नव्हती. 'बाई, हाई हँडले कितला बोटं!' अशी ओरड झाली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण उठला. एरवी इंग्रजीच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा. फणी उलटीपालटी करून बघितली आणि मला विचारलं, 'बाई, अंगठा कथा शे?' म्हणजे, अंगठा कुठे आहे?

मला काही सुचेना. त्यानेच कडेचं सगळ्यात आखूड केळं तोडलं, 'थम' म्हणाला आणि सोलून खाऊन टाकलं.